जड अंतःकरण आणि एक सामोसा

मराठी माणूस पहिल्यांदा म्हातारा होतो तो पंधराव्या वर्षी. मुहूर्तही साधारण ठरलेला असतो. सराव परीक्षेचे पेपर वाटून झालेले असतात आणि बोर्डाचं हॉल तिकीट अजून हातात पडायचं असतं. अशा एका दुपारी शाळेच्या सभागृहात, आणि सभागृह नसेल तर तीन वर्गांमधली लाकडी पार्टिशनं सरकवून केलेल्या सभागृहात, दहावीतला एक मुलगा माइकसमोर येऊन उभा राहतो. ओठावर मिशीची नुसती अफवा असते. हातात वहीतून फाडलेलं पान असतं. तो घसा खाकरतो आणि म्हणतो, "आज मागे वळून पाहताना..."

मागे वळून पाहिलं तर त्याला नववी दिसेल. नववी खरोखरच मागे उभी असते आणि सामोसे मोजत असते.

निरोप समारंभ नववीने दहावीला द्यायचा, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. वरवर पाहता हे धाकट्यांचं थोरल्यांवरचं प्रेम वाटतं. प्रत्यक्षात 'सर, निरोप समारंभाची तयारी' एवढं म्हटलं की आठवडाभर कुठल्याही तासाला वर्गाबाहेर राहता येतं, आणि नववीला हा मंत्र बरोबर ठाऊक असतो. वर्गणी निघते, सजावट समिती होते, खाऊ समिती होते. सजावट समितीत ओढून आणावं लागतं, खाऊ समितीतून हाकलावं लागतं. पूर्वी थर्माकोलची अक्षरं कापून त्यांवर चमकी टाकत, आणि ती चमकी बोर्डाच्या पहिल्या पेपरापर्यंत काहींच्या केसांत टिकून असायची. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि अक्षरं रंगीत खडूने फळ्यावर परतली. जिथे वर्गणी बरी जमते तिथे फ्लेक्स लागतो. त्यावर सरस्वती लहान आणि शुभेच्छुक मोठे असतात.

एके काळी हा कार्यक्रम फेब्रुवारीत निवांत व्हायचा, कारण परीक्षा मार्चमध्ये. आता बोर्डाला घाई झाली आहे. २०२५ साली दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे निरोप आणखी अलीकडे ओढावा लागतो आणि मुलांना स्वेटर घालून गहिवरावं लागतं. शिवाय निरोप दिला म्हणून मुलं जातात असंही नाही. दुसऱ्या दिवशी विज्ञानाची प्रयोगवही सही करून घ्यायला, तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेला, चौथ्या दिवशी हॉल तिकिटावरचं आईचं चुकलेलं नाव दुरुस्त करायला ती हजरच असतात. काल ज्या बाईंनी पदराने डोळे टिपले त्याच आज 'अजून वही पूर्ण नाही? लाज कशी वाटत नाही?' म्हणून तासतात. निरोपाला इतकं लगेच रद्दबातल ठरवणारी दुसरी संस्था मी पाहिलेली नाही.

आता भाषणं. पंधरा वर्षांच्या पोराकडे ही साठीची भाषा येते कुठून, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. ते सुटलं मुलीच्या निबंधाच्या वहीत. 'शाळेचा निरोप घेताना' हा विषय दहावीच्या अभ्यासात कायमचा मुक्कामाला आहे. वहीत तिने तो लिहिला होता, चांगला लिहिला होता, आणि खाली लाल शाईत शेरा होता: 'शेवट आणखी हृदयस्पर्शी हवा. आठपैकी पाच.' म्हणजे प्रत्यक्ष समारंभाचा दिवस उजाडेपर्यंत आपली मुलं चाचणीत एकदा, सहामाहीत एकदा आणि सराव परीक्षेत एकदा गुणांसाठी गहिवरलेली असतात. बोर्डात तोच विषय आला तर आणखी एकदा गहिवरायची तयारी असते, तेही पुरवणी जोडून. माइकसमोर उभं राहिल्यावर त्यांना खरंच काहीतरी वाटत असतं, पण तोंड उघडलं की पाठ केलेला निबंधच बाहेर येतो. त्यात त्यांचा दोष नाही. आपण त्यांना दुसरे शब्द दिलेलेच नाहीत.

शाळा म्हणजे ज्ञानमंदिर, गुरुजन म्हणजे कुंभार आणि आम्ही म्हणजे मातीचे गोळे, हे तिघे प्रत्येक भाषणात येऊन जातात. एकदा लागोपाठ सगळ्या वक्त्यांनी स्वतःला मातीचा गोळा म्हणवून घेतल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "ब तुकडीतले गोळे अजून ओलेच आहेत हो. भाजायला वेळच मिळाला नाही."

शिक्षकांच्या भाषणातही एक वाक्य ठरलेलं असतं. "माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत अशी बॅच पाहिली नाही." हे वाक्य ऐकून मुलं टाळ्या वाजवतात, काही मुली रडतात, मुलगे पंख्याकडे बघू लागतात. वास्तविक हेच वाक्य, याच सरांनी, याच मुलांना, ऑक्टोबरमध्ये सहामाहीचे भूमितीचे पेपर अंगावर फेकताना ऐकवलेलं असतं. शब्द तेच, क्रम तोच. फक्त तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आणि गंमत म्हणजे सर दोन्ही वेळा खरं बोलत असतात.

प्रमुख पाहुणे शाळेचे माजी विद्यार्थी असतील तर ते हमखास सांगतात की मी मागच्या बाकावर बसायचो. उद्योजक मागच्या बाकावर, फौजदार मागच्या बाकावर, पंचायत समितीचे सभापती मागच्या बाकावर. पुढचे बाक बहुधा रिकामेच असावेत. माझ्या माहितीत एकही प्रमुख पाहुणा तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसून सुमारे साठ टक्के मिळवणारा नव्हता. वर्गात तर तसलेच आम्ही सगळ्यात जास्त होतो.

या सगळ्यात दहा वर्षं जे प्रत्यक्ष घडलं त्यातलं काहीच येत नाही. हजेरीपटाचंच घ्या. मैत्री आवडीनिवडी जुळल्यामुळे होते असं म्हणतात. आपल्या शाळेत ती आडनावाच्या पहिल्या अक्षरामुळे होते. कदम आणि कांबळे यांचे नंबर सलग, म्हणून प्रयोगशाळेत एका गटात. तोंडी परीक्षेला बाहेरच्या व्हरांड्यात एकामागे एक. बोर्डाच्या केंद्रावर पुढच्यामागच्या बाकावर. जन्माची दोस्ती व्हायला आणखी काय लागतं? कदम आणि वाघमारे यांचं कितीही जुळण्यासारखं असलं तरी ते भेटणार कधी? पहिला 'हजर सर' म्हणतो तेव्हा दुसरा अजून झोपेत असतो, कारण त्याचा नंबर यायला अजून पाटील, पवार आणि मोरे यांच्या वस्त्या ओलांडायच्या असतात.

या हजेरीपटाने माणसांची नशिबं ठरवली आहेत. गृहपाठ तपासायला बाई एक नंबरपासून सुरुवात करत. म्हणजे अ, आ, क, ग ही मंडळी आयुष्यभर गृहपाठ करत राहिली आणि शिंदे, साळुंखे, हांडे यांच्यापर्यंत येईतो तास संपायची घंटा होत असे. तोंडी परीक्षेत तर उघड अन्याय. पहिल्या पाच जणांच्या वाट्याला ताजेतवाने सर येत आणि ते प्रश्न विचारत. शेवटच्या पाच जणांना चहासाठी उठू पाहणारे सर मिळत आणि ते गुण देत. श आणि ह आडनावांची माणसं पुढे निर्धास्त वृत्तीची निघतात असं माझं निरीक्षण आहे. त्यावर अजून कोणी पीएच.डी. केलेली नाही, पण विषय मोकळा आहे.

दुसरी गोष्ट तुकडीची. अ मध्ये हुशार, ब मध्ये हुशारांचे मित्र, क मध्ये उरलेले आणि ड मध्ये शाळेचा क्रिकेट संघ. सेमी इंग्लिश आल्यावर अ तुकडीने गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घेतलं, आणि त्याच व्हरांड्यात असूनही ती परगावी राहायला गेल्यासारखी वागू लागली. एरवी बोर्डावर विद्यालयाचं नाव एकच. पण अ आणि ड यांच्या आठवणी दोन वेगळ्या शाळांच्या निघतात. अ ला प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची लेबलं आठवतात. ड ला प्रयोगशाळेची खिडकी आठवते, कारण काच त्यांच्या चेंडूने फुटली होती.

आणि मॉनिटरने फळ्यावर लिहिलेली 'बोलणाऱ्यांची नावे'! शाळेच्या इतिहासाचं एवढं विश्वासार्ह साधन दुसरं नाही आणि ते रोज पुसून टाकलं जातं. बाई वर्गावर नसताना मॉनिटर खडू घेऊन उभा राहायचा. एकदा बोललं की नाव, पुन्हा बोललं की नावापुढे फुली, मग आणखी फुल्या. कोणाच्या नावापुढे किती फुल्या यावरून बाईंच्या पट्टीचा हिशेब ठरायचा. नाव पुसून घ्यायचा दर आमच्या वेळी एक श्रीखंडाची गोळी होता; पुढे तो पेप्सीकोलाच्या नळीपर्यंत गेल्याचं समजतं. लोकशाही, निवडणूक आणि हितसंबंध हे नागरिकशास्त्राचे धडे पुस्तकात कोरडे होते, फळ्यावर मात्र सचित्र होते. मॉनिटर पुढे कोण झाला हे सांगायला नको. तो आज बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन आहे आणि अजून नावं लिहितो.

मुलगे आणि मुली यांच्यातल्या संभाषणाचा दहा वर्षांचा एकूण ऐवज काढला तर तो पोस्टकार्डावर मावेल. 'खोडरबर दे', 'बाईंनी बोलावलंय' आणि 'तुझी हिंदीची वही मिळेल का' ही त्यातली मोठी वाक्यं. निरोपाच्या दिवशी मात्र स्लॅमबुक नावाची वही हातोहात फिरू लागते आणि ज्याच्याशी दहा वर्षांत शब्द झाला नाही त्याला 'माझ्याबद्दल तुझं मत' लिहायचं असतं. सगळे 'स्वभाव छान आहे' असं लिहितात. आवडता रंग, आवडता नट, आवडता पदार्थ हे रकाने भरभरून भरले जातात. 'पहिलं प्रेम' या रकान्यात मुलगे 'आई' लिहितात, कारण ही वही शेवटी कोणाच्या तरी वडिलांच्या हातात पडणार हे त्यांना पुरतं ठाऊक असतं.

त्यानंतर शर्टवर सह्या. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर वर्गातले सगळे जण पेनाने नाव लिहितात, कोणी बदाम काढतं, कोणी 'विसरू नको' लिहितं. घरी गेल्यावर आईला त्यात आठवणी दिसत नाहीत, शर्ट दिसतो. तो अजून बोर्डाच्या परीक्षेला घालायचा होता. मग निळीत, लिंबात, रॉकेलात बुडवून निम्मी बॅच धुऊन निघते. उरलेली निम्मी पहिल्या पेपराला पुसट अक्षरांत केंद्रावर हजर राहते, आणि भरारी पथकातला एखादा अधिकारी पाठीवरचा मजकूर संशयाने वाचत राहतो.

माराबद्दल तर निरोप समारंभात कोणी अवाक्षर काढत नाही. त्याच्या आठवणी मुरायला वीस वर्षं लागतात. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, हे चांगलंच झालं. पण त्यामुळे पुढच्या पिढीच्या माजी विद्यार्थ्यांकडे बोलायला विषय काय उरणार, ही काळजी आहे. आमच्या पिढीत शाळेचा दर्जा तिथे खाल्लेल्या मारावर मोजतात. "सरांनी डस्टर फेकून मारला होता, ही बघ खूण," असं सांगताना माणसाचा चेहरा उजळतो. सरांनी मारलं म्हणूनच आम्ही घडलो, हे मी अशाही लोकांच्या तोंडून ऐकलं आहे ज्यांना पाहून सरांनी आणखी थोडं मारायला हवं होतं असं कोणालाही वाटेल. ज्यांना कधीच मार पडला नाही ती हुशार मुलं अशा वेळी कोपऱ्यात ओशाळून बसतात.

बॅचचा खरा अभिमान मात्र परीक्षेचा. आमच्याच वेळी परीक्षा खरी होती, नंतर सगळी खिरापत, असं प्रत्येक बॅचला वाटतं. याचं मूळ बोर्डाच्या स्वभावात आहे. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक मागे पडून दहावीची शालान्त परीक्षा आली आणि अकरावीवाल्यांनी उरलेलं आयुष्य 'आमची जुनी मॅट्रिक' म्हणत काढलं. २०१० साली 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं. सहा विषयांतला ज्याचा जो वाईट, तो टक्केवारीतून गळाला. कित्येकांचं गणिताशी असलेलं वैर त्या वर्षी सरकारी खर्चाने मिटलं.

सगळ्यात बोलका किस्सा तोंडी परीक्षेच्या वीस गुणांचा. २०१८ साली दहावीचा निकाल होता ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषा विषयांचे शाळेने द्यायचे वीस गुण बंद झाले आणि निकाल आला ७७.१० टक्के. लगेच ते वीस गुण परत आले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्क्यांवर जाऊन बसला. मराठी पोरांची तोंडं किती मोलाची आहेत याचा याहून भक्कम पुरावा नाही. त्याच २०२० च्या बॅचचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीत रद्द झाला आणि इतर विषयांवरून सरासरी गुण मिळाले. ही मुलं आता पंचविशीकडे चालली आहेत आणि कुठे रस्ता चुकली की घरचे लगेच ती आठवण काढतात. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के मुलं पास झाली. मला त्या शंभरातल्या ०.०५ टक्के मुलांना एकदा भेटायचं आहे. परीक्षा न होताही त्यांनी नापास होऊन दाखवलं. बोर्डाच्या इतिहासात एवढी चिकाटी कोणाची दिसली नाही.

बॅच कुठलीही असो, निरोपाच्या दिवशी शाळेला भेटवस्तू द्यायची प्रथा मात्र अढळ आहे. वर्गणी गोळा होते, समिती बसते, तिच्या तीन बैठका होतात. कोणी म्हणतं ग्रंथालयाला पुस्तकं देऊ, कोणी म्हणतं झाडं लावू. त्यावर बराच खल होतो आणि शेवटी भिंतीवरचं घड्याळ घेतलं जातं. घड्याळावर 'दहावीच्या बॅचकडून सप्रेम भेट' ही अक्षरं आकड्यांपेक्षा ठळक असतात. एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापकांच्या खोलीत मी अशी घड्याळं ओळीने लावलेली पाहिली. प्रत्येकात निराळी वेळ. जुन्या बॅचची पाऊण तास मागे, मधल्या बॅचची बंद, आणि अलीकडच्या एका बॅचचं घड्याळ पुढे धावत होतं. मी मुख्याध्यापकांना विचारलं, शाळा कोणत्या वेळेवर चालते? त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. शिपाईमामा मनगटावरचं घड्याळ बघून लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोला हाणत होते.

घड्याळाखालोखाल पसंती सरस्वतीच्या मूर्तीला, मग पंख्याला आणि मग वॉटर कूलरला. वॉटर कूलर अनेक शाळांत आहेत. त्यांना वीज असते तेव्हा पाणी नसतं आणि पाणी असतं तेव्हा शेजारच्या टाकीच्या नळांना तोट्या नसतात. पाण्याच्या टाकीला चार नळ असतील तर एकाला तोटी, एकाला लाकडाची खुंटी, एकाला फडकं आणि चौथा अखंड वाहता, ही रचना मी कोकणापासून विदर्भापर्यंत एकसारखी पाहिली आहे. मधल्या सुट्टीत सगळी शाळा एका तोटीपुढे ओंजळ करून उभी. भाषणात ज्ञानगंगेचा उल्लेख करणाऱ्यांनाही नंतर सामोसा खाऊन इथेच रांगेत उभं राहावं लागतं.

निरोपाच्या दिवशी 'आपण दर वर्षी भेटायचं' असं ठरतं आणि पुढची पंचवीस वर्षं कोणी कोणाला भेटत नाही. मग एके दिवशी व्हॉट्सअॅपवर कोणीतरी ग्रुप काढतो आणि त्याच्या नावात 'सोनेरी', 'आठवणी' किंवा 'सवंगडी' यांतलं काहीतरी असतं. शोधाशोध सुरू होते. मुलगे दोन संध्याकाळींत सापडतात. आडनावं तीच, निम्म्यांची दुकानं तीच. मुली सापडत नाहीत. हजेरीपटातली आडनावं लग्नात राहून गेली, काहींची तर नावंही सासरी बदलली. मग कोणाचा भाऊ, कोणाची वहिनी, कोणाच्या माहेरच्या वाड्याशेजारचा किराणावाला असा माग काढत जावं लागतं. शाळेत पहिली आलेली मुलगी शेवटपर्यंत न सापडणारी एक बॅच मला माहीत आहे, आणि तिसऱ्यांदा बसून पास झालेला मुलगा मात्र चौकातल्या फलकावर हात जोडून उभा होता.

शोधमोहिमेतला सर्वात उपयोगी माणूस म्हणजे नववीत एकदा राहिलेला. तो दोन बॅचचा असतो. दोन्ही ग्रुपवर असतो, दोन्हीकडे वर्गणी मागितली जाते, दोन्हीकडच्या भानगडी त्याला ठाऊक असतात. शाळेत असताना त्याला कोणी विचारत नसे. आता त्याच्याशिवाय एकही आठवण नक्की करता येत नाही.

यथावकाश 'पंचवीस वर्षांनी पुन्हा भरली शाळा' हा कार्यक्रम होतो. अशी बातमी दर सुट्टीत जिल्हा पुरवणीत असतेच. घंटा होते, प्रार्थना होते, पोटं सुटलेली मुलं बाकात अडकतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सर हजेरी घेतात आणि खरोखर नावागणिक ओळखतात. पण ओळखतात ते नेमके उपद्व्यापी. "हा सायकलीची हवा सोडायचा. हा सहलीच्या एसटीत प्रतापगडाच्या घाटात माझ्या पिशवीत ओकला होता." ज्याच्याबद्दल हे सांगितलं जातं तो मोठ्या कंपनीचा संचालक असतो आणि आयुष्यात इतका खूश कधी झालेला नसतो. सगळे तास लक्ष देऊन ऐकलेली, एकही दिवस गैरहजर न राहिलेली बाई पुढे येऊन वाकते तेव्हा सर चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हो हो, तू... तू कुठल्या बॅचची?" शिस्तीत वागलेल्यांना शाळा विसरून जाते, हे कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगितलेलं नव्हतं.

मग भाषणं होतात, आणि चाळिशी ओलांडलेला माणूस माइकसमोर अगदी तेच बोलतो जे तो पंधराव्या वर्षी बोलला होता. ज्ञानमंदिर, कुंभार, गोळा. मराठी शाळेतल्या संस्कारांवर तर इतकं बोललं जातं की गेटजवळ गाडीत बसलेली मुलं हॉर्न वाजवू लागतात. ती इंग्रजी शाळेतली असतात. आई-बाबांची शाळा बघायला त्यांना आणलेलं असतं आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारून झाल्यावर ती गाडीत जाऊन बसलेली असतात. मुख्याध्यापक सगळ्यांच्या पुढे एक कागद घेऊन उभे असतात; त्यावर यंदाची पटसंख्या असते. एके काळी ज्या शाळेला अ ते ड तुकड्या होत्या तिथे आता अ सुद्धा भरताना दमछाक होते. तो कागद कोणी वाचत नाही, कारण तेवढ्यात ग्रुप फोटो असतो. फोटो झाला की भेटवस्तू, आणि भेटवस्तूचा कागद फाडण्याआधीच मुख्याध्यापकांना तिचा आकार कळलेला असतो. ती गोल असते.

तेव्हा या सुट्टीत ज्यांची शाळा पुन्हा भरणार आहे त्यांना एक हात जोडून विनंती. भाषणं करा, रडा, सरांच्या पाया पडा, पोट आत घेऊन फोटो काढा. फक्त घड्याळ नेऊ नका. जायच्या आधी पाण्याच्या टाकीपाशी एक चक्कर मारा, नळ मोजा आणि येताना तेवढ्या तोट्या घेऊन या. अर्ध्या इंचाची साधी तोटी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि तिच्यावर बॅचचं नाव लिहायला जागा नसते.